पाच खारका

पळस्प्याच्या नाक्यावर एका ट्रकने बाबांच्या सायकलीला मागून धडक दिली, त्याला दोन वर्षे होत आली होती. हाडे जुळली, डोक्यावरच्या खुणेवर केसही उगवले. परंतु मनातल्या विचाराला ओठांपाशी अडवणारा जो पहारेकरी प्रत्येक सभ्य माणसात असतो, तो त्या नाक्यावरच राहून गेला. शेजारच्या कमळाबाईंचे यजमान वारले, तेव्हा भेटायला गेलेल्या बाबांनी 'सुटले बिचारे तुमच्यापासून' असे मनापासून सांगितले. देवघरात बाळकृष्णाला अंघोळ घालताना ते त्याला, एवढा मोठा झालास तरी अंग चोळायला भट लागतो, म्हणून खडसावत. आई आरंभी ओशाळायची. मग एके दिवशी पदर तोंडात धरून हसली, आणि त्या दिवसापासून घरात पुन्हा श्वास घेता येऊ लागला.

मी मुळातच अबोल. घरातला बोलण्याचा सगळा साठा बाबांनी उचलला आणि माझ्या वाट्याला फक्त ऐकणे आले, असे मला वाटे.

सकाळी काय खाल्ले, हे बाबांना दुपारी आठवत नसे. मंत्र मात्र मुखोद्गत होते. पहिला शब्द उच्चारला की कुठूनसे जुने बाबा येऊन पाटावर बसत, आणि मंत्र संपला की संध्याकाळच्या उन्हासारखे भिंतीवरून उतरून जात. अडचण एकच होती: पूजेची कथा सांगताना आपण कुठवर आलो, हे त्यांना उमगत नसे. पूजा सांगणे हेच त्यांचे आयुष्यभराचे काम, आणि अपघातानंतर एकही यजमान दाराशी आला नव्हता.

रुग्णालयाकडून दर गुरुवारी नीताताई घरी येत. अशा माणसाबरोबर कसे राहावे, हे त्यांनीच आम्हाला शिकवले. त्यांनी तोडगा काढला. उजव्या हाताला पाच खारका मांडायच्या. एक अध्याय संपला की एक खारीक डावीकडे सरकवायची. डावीकडच्या मोजायच्या आणि पुढला अध्याय घ्यायचा. दुसरी ताकीद अशी, की चारचौघांत त्यांची चूक दाखवायची नाही. एकदा पाहुण्यांसमोर आईने चूक दाखवली, तेव्हा तिच्या कानाजवळून ताम्हण गेले होते. महिनाभर घरी तालीम चालली. रोज पाच अध्याय ऐकून, एवढे पुण्य ठेवायला घरात जागा उरली नाही, असे आई म्हणू लागली.

तशात करंजाडे गावातून जगन आला. नवे घर बांधले होते. त्याच्या लग्नात मंगलाष्टके म्हणणाऱ्या भटजींनीच पूजा सांगावी, असा त्याचा हट्ट होता. आईने पुण्याला गुरुदत्तकाकांना कळवले. बाबांचे हे धाकटे भाऊ तातडीने आले आणि त्यांनी अट घातली: यजमानाकडे शोभा झाली, तर पोथी ट्रंकेत जाईल आणि बाबा पुन्हा कामासाठी उंबरा ओलांडणार नाहीत. बाबांनी त्यांच्याकडे वात्सल्याने पाहिले आणि विचारले, "गुरू, अंथरूण ओलं करायचं थांबलं का रे तुझं?"

मंडपात शंभर माणसे होती. मी बाबांच्या डाव्या अंगाला बसलो, काका समोर, आई बायकांमध्ये. पहिले दोन अध्याय नदीसारखे वाहिले. तिसऱ्यात व्यापारी नवस विसरला, चोरीचा खोटा आळ येऊन तुरुंगात पडला आणि यथाकाल सुटला. बाबांनी तिसरी खारीक उचलली, आणि सकाळपासूनच्या उपासाने असेल, सरळ तोंडात टाकली. मग डावीकडे पाहिले. दोन. त्यांनी शांतपणे तिसरा अध्याय पुन्हा आरंभला.

मला सर्व दिसत होते. मात्र माझा हात मांडीवरून उठेना. व्यापारी दुसऱ्यांदा आत गेला. जगनची बायको भामा पदराआड हसू लागली. अध्याय संपताच बाबांनी आणखी एक खारीक चघळायला घेतली, डावीकडच्या दोन मोजल्या आणि तिसरा अध्याय पुन्हा उचलला.

"भटजी," जगन नम्रपणे म्हणाला, "या मानसाला जामीन नाय का मिलत?"

मंडप हसला. काकांनी डोळे मिटले. उजवीकडे उरलेली एकुलती खारीक गुपचूप डावीकडे सरकवावी म्हणून मी हात पुढे केला, तोच बाबांनी माझे मनगट धरले.

"देवापुढची खारीक उचलतोस? भटाच्या पोटी चोर निपजला."

शंभर चेहरे माझ्याकडे वळले. ताम्हण त्यांच्या हाताशी होते.

"बाबा," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच परका वाटला, "दोन तुम्ही खाल्ल्यात."

त्यांचा हात ताम्हणावर गेला. मी मान खाली घातली नाही. तेवढ्यात त्यांच्या जिभेला काहीतरी लागले असावे. त्यांनी गालातून एकेक करून दोन बिया तळहातावर काढल्या आणि मोजल्या.

"चुकलो, निनाद," ते हळू म्हणाले. "आणि मला कळलंही नाही."

मग एक बी त्यांनी डावीकडे ठेवली. "ही खरी." दुसरी उजवीकडे. "ही आगाऊ." डावीकडे तीन झाल्या. त्यांनी धोतराला हात पुसला आणि चौथा अध्याय सुरू केला.

"सुटला एकदाचा," जगन म्हणाला.

निघताना भामाने आईला श्रावणातल्या पूजेचे आमंत्रण दिले. आजवर पूजेला नुसती झोप येत असे, ही पहिलीच पूजा आपण कान देऊन ऐकली, असे तिने सांगितले.

रिक्षात काका म्हणाले, शोभा व्हायची ती झाली. ठरल्याप्रमाणे पोथी ट्रंकेत.

"श्रावणात जायचं आहे," मी म्हणालो. "मी शेजारी बसेन."

"आणि पुन्हा खाल्ल्या तर?"

"पुन्हा सांगेन. सगळ्यांसमोर."

काका माझ्याकडे, ओळख पटत नसल्यासारखे, पाहू लागले. पण ट्रंकेचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही. बाबांचा चेहरा मात्र केव्हाच विझून गेला होता.

"कुठून आलो आपण?" त्यांनी विचारले.

"करंजाड्याहून. तुम्ही पूजा सांगितलीत, बाबा. सहा अध्याय."

"पाच असतात," बाबा तुच्छतेने म्हणाले. "भटाचा मुलगा ना तू?"