क्लचशिवाय

"बसत नाही म्हणून सांग," देर्ना म्हणाली. "तुझ्या शब्दाबाहेर तो जात नाही."

इआदेरने हातातली दांडी फडक्याने पुसली आणि उजेडाकडे धरून बघितली. बहिणीकडे बघण्यापेक्षा ते सोपं होतं.

"बसतं गं. सगळ्यांच्या गाडीला बसतं."

"मग याच्या गाडीला बसत नाही. इतकं खोटं तुला जड जाईल?"

देर्ना त्याच्याहून सात वर्षांनी लहान. इटलीतल्या सव्हिन्यानो गावात तिची आणि तिच्या नवऱ्याची, नेविओची, पावाची भट्टी होती. नेविओ पहाटे पाव भाजायचा आणि महिन्यातून एक रविवार हौशी मंडळींच्या शर्यतीत मोटरसायकल पळवायचा. तीस वर्षं पळवली, त्यात एकदा चौथा आला. दोन वर्षांपूर्वी कणीक लाटायच्या यंत्रात त्याचा डावा हात सापडला. अंगठा आणि पहिलं बोट वाचलं, बाकीची तीन गेली. क्लच ओढणारा हातच गेला म्हटल्यावर गाडीवर चादर पडली. देर्ना हाताच्या दुःखात रडली, पण त्या चादरीने तिला झोपही दिली. रविवारी ती पहिल्यांदाच नवऱ्याची वाट न बघता स्वयंपाक करू लागली.

आणि आता नेविओने कुठून तरी क्विकशिफ्टर आणला होता. मुठीत मावेल एवढी डबी, एक वायर आणि गिअरच्या दांडीवर बसवायचा सेन्सर. पाय गिअरला लागला की सेन्सर क्षणभर इंजिनाची ठिणगी तोडतो, गिअरच्या दातांवरचा ताण सुटतो आणि पुढचा गिअर पडतो. क्लच ओढायचा नाही, उजवी मूठ सैल करायची नाही. क्लच लागतो तो फक्त सुटताना आणि थांबताना. तेवढ्याला दोन बोटं पुरतात.

"मी बघतो," इआदेर म्हणाला.

"बघू नकोस. मला कबूल कर."

त्याने मान हलवली. कोणत्या बाजूला हलवली ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. देर्नाने मात्र ती होकाराची धरली.

इआदेर झावोली साठीला आलेला विधुर. गॅरेजच्याच वरच्या मजल्यावर राहायचा. एवढ्या वर्षांत शेकडो गाड्या त्याच्या हाताखालून गेल्या, पण स्वतः तो कधी शर्यतीत उतरला नाही. गावात कुणी कारण विचारलं नाही, कारण तो उतरेल असं कुणाला कधी वाटलंच नव्हतं. दर रविवारी दुपारी तो बहिणीकडे जेवायला जायचा. रश्शातल्या कापेलेत्तीची, सारण भरलेल्या पास्त्याची, पहिली वाटी नेविओच्या आधी त्याला मिळायची.

बुधवारी त्याने काम हाती घेतलं. नेविओ स्टुलावर बसून बघत होता.

"देर्ना येऊन गेली ना?" नेविओने विचारलं.

"नाही."

"बरं."

इआदेरने जुनी दांडी काढली, नवी कापून सेन्सर मध्ये घेतला, टोकांचे आटे जुळवले, वायर टाकीखालून नेली आणि इंजिनाच्या उष्णतेपासून लांब बांधली. क्लचची केबल बदलली, लिव्हरही लांब घातली, म्हणजे दोन बोटांनी ओढली जावी. त्यात त्याने कुठे कसूर केली नाही. कसूर केली ती अगदी शेवटी. ठिणगी किती वेळ तोडायची, तो आकडा भरताना. सत्तरच्या जागी त्याने एकशे तीस भरले, सेकंदाचे हजारावे भाग. कमी भरले असते तर गिअर अर्धवट पडून मागचं चाक घसरलं असतं. जास्त भरले की नुसती ठेच लागते. गाडी दर गिअरला अडखळेल, माणूस कंटाळेल, पडणार मात्र नाही. हा सगळा हिशेब त्याने डोक्यात दोनदा तपासला होता. तरी डबीचं झाकण लावताना त्याने स्टुलाकडे पाठ फिरवली.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी सर्किटवर हौशी लोकांना मोकळा वेळ होता. नेविओ सहा फेऱ्या मारून आला आणि हेल्मेट काढून बराच वेळ टाकीवर ठेवून बसला.

"कशी आहे?" इआदेरने विचारलं.

"गाडी झकास. माझाच पाय गेलाय कामातून."

"म्हणजे?"

"दर गिअरला मान पुढे जाते. पाय उशिरा उचलतो बहुतेक. दोन वर्षं झाली ना रे." तो हसला. "तुझं यंत्र काय करेल, स्वारच म्हातारा."

तिथेच बोलायला हवं होतं. इआदेरने गाडी टेम्पोत चढवली आणि दोरी दोनदा आवळली.

पुढच्या आठवड्यात तो पाव घ्यायला भट्टीच्या मागच्या दारी गेला. दार अर्धं उघडं होतं. नेविओ पिठाच्या गोणीवर गाडीवर बसतात तसा टांग टाकून बसला होता. डाव्या बुटाच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा पट्टा अडकवलेला, त्याचं दुसरं टोक जमिनीवरच्या वजनाला. पाय वर, खाली. वर, खाली. तोंडाने आकडे चालू होते. एकशे बारा, एकशे तेरा. कपाळावरचं पीठ घामाने ओलं झालं होतं.

इआदेर पाव न घेताच परतला. संध्याकाळी त्याने नेविओला गॅरेजवर बोलावलं आणि त्याच्यासमोर डबी उघडली.

"पाय बरोबर आहे तुझा. आकडा मी चुकीचा भरला होता."

"चूक होते."

"चूक नाही. मुद्दाम."

नेविओ गाडीभोवती एक फेरी मारून आला. मग त्याने विचारलं, "तिने सांगितलं होतं?"

"नाही."

"खोटं बोलणं तुला शाळेतही जमलं नाही." त्याने वाचलेल्या बोटाने डबीकडे दाखवलं. "भर आता. आणि तिने विचारलं तर मला यातलं काही माहीत नाही."

या वेळी इआदेरने सगळं निवांत केलं. वेग कमी असताना थोडा जास्त वेळ, वर चढला की कमी. पाय किती जोराने लागला की ठिणगी तुटावी, तेही नेविओच्या बुटाने पाच-पंचवीस वेळा उचलून बघितलं. मे महिन्यात नेविओ पन्नाशीपुढच्यांच्या शर्यतीत उतरला आणि चौदात अकरावा आला. तो गाडीवरून उतरला. इआदेरच्या खांद्यावर त्याने डावा हात ठेवला आणि काढायचं विसरला.

त्या संध्याकाळी देर्नाने भावाला फोन केला.

"मान हलवली होतीस तू," ती म्हणाली.

"हलवली होती."

"मग?"

"आधी ऐकलं तुझं. मग नाही राहवलं."

"तो पडला तर तुझ्या दारात आणून ठेवीन मी त्याला," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

पुढच्या रविवारी इआदेर तिच्या दारापर्यंत गेला. आत ताटं मांडल्याचा आवाज येत होता. बेल न वाजवता तो परत फिरला, हमरस्त्यावरच्या टपरीवर एक पियादिना, म्हणजे चीज भरलेली चपटी रोटी, घेतली आणि उभ्यानेच खाल्ली. टपरीवाली बाई म्हणाली, "आज बहिणीकडे नाही?" तो म्हणाला, "पाहुणे आहेत तिच्याकडे." मग जून, जुलै, ऑगस्ट रविवारची पियादिनाच राहिली. बाईने पुन्हा विचारलं नाही. त्याला बघितलं की चीज जरा जास्त घालायची.

नेविओ आणखी दोनदा पळाला. एकदा तेरावा, एकदा नववा. पडला नाही.

सप्टेंबरच्या शर्यतीला इआदेर लांब सरळ पट्ट्याच्या जाळीशी उभा होता. शेजारी कुणी तरी येऊन थांबलं. देर्ना होती, दुकानातला पांढरा कोट घातलेली. तीस वर्षांत ती सर्किटवर कधी आली नव्हती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. जाळीकडे पाठ करून ती उभी राहिली.

"कोणता तो?" तिने विचारलं.

"वळणातून आता बाहेर येईल. निळी गाडी."

"मला दाखवू नकोस. नुसतं सांग."

आवाज आला. तो चढत गेला, मध्येच बारीकसं फट् झालं, तरी चढतच राहिला.

"तिसरा गिअर," इआदेर म्हणाला. "चौथा. पाचवा."

"मध्ये थांबत का नाही?"

"थांबायचं नसतं."

ती खाली मान घालून ऐकत राहिली. गाडी तिच्या पाठीमागून गेली, वाऱ्याने तिचा कोट फडफडला. आवाज लांबच्या वळणाकडे बारीक होत गेला. पुढच्या फेरीला वळणातून आवाज उठला तेव्हा इआदेर तोंड उघडणार तोच ती हलकेच म्हणाली, "तिसरा."

पुन्हा बारीकसं फट् झालं.

"चौथा," देर्ना म्हणाली. तिने डोळे मिटले होते.