रस्त्याकडे पाठ केलेलं चर्च

इब्राहीम गवंड्याला सोहळ्याचं आमंत्रण आलं, तेही हातोडा-छिन्नी घेऊन यायचं. सावली तालुक्यापलीकडच्या जंगलगावातलं ते लहानसं चर्च त्यानंच बांधलं होतं, त्याला आता पंचवीस वर्षं झाली होती. ब्रह्मपुरीहून दोन जीपा बदलून म्हातारा पोचला, तर नवे पाळक भरल्या सभेत चर्चचा छापील इतिहास वाचत होते. "गवंड्याच्या चुकीमुळे दार मागच्या बाजूला गेले. आज तोच गवंडी रस्त्याकडची भिंत फोडून ती चूक सुधारेल."

इब्राहीमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक? त्याची? त्यानं दार रस्त्याकडेच धरलं होतं. भिंत गुडघाभर चढल्यावर मंडळीचा पुढारी पोचू हात जोडत आला होता. "इब्राहीमभाऊ, दार मांगं घ्या. मोहफुलाच्या दिवसांत बाया प्रार्थनेले बसतच नाई. वाळत घातलेला मोह दारातून दिसला पायजे." इब्राहीमनं केलेलं काम उतरवून दार फिरवलं. मिशनचे साहेब भडकले, तेव्हा याच पोचूनं सांगितलं, गवंडी चुकला. भित्रा माणूस, जाऊ दे, म्हणून इब्राहीम गप्प बसला होता. पण तोंडातली थाप वेगळी आणि छापून आलेली वेगळी.

पोचू आज पहिल्या खुर्चीवर होता, गळ्यात झेंडूचा हार.

"काऊन गा पोचू, मुका झाला का? सांग ना!" इब्राहीम ओरडला. पोचू हाराची फुलं खुडत बसला.

"वाद नको, बाबा," पाळक म्हणाले, "भिंत फोडा."

इब्राहीमनं हातोडा उचलला. तेवढ्यात पोचूची बायको बुधरी किंचाळली, "बकऱ्या! मोहात बकऱ्या शिरल्या!" तिला बसल्या जागेवरून दारातून दिसलं होतं. क्षणात बायांची अख्खी बाजू उठली आणि त्याच दारातून हाड्‌हाड् करत पळाली. पाळक पुस्तिका धरून उभेच राहिले.

सभा अर्धी रिकामी झाली, तसा पोचू उठला. हळूच म्हणाला, "दार मीनंच फिरवाले लावलो होतो. चूक याची नाई."

इब्राहीमचा राग उतरायच्या ऐवजी दुप्पट भडकला. "वा रे मर्दा! बाया गेल्यावर सांगून राह्यला?"

हातोडा उंबऱ्यावर आपटून तो तिथंच, दार अडवून बसला.

"येऊ दे त्याईले. मंग सांग. जोरानं सांग."