मागून येणारी पिकअप

मागून पुन्हा हॉर्न वाजला. रूपाने मान वळवली नाही. उलट सायकलचा गिअर टाकला आणि पॅडलवर उभी राहिली. किनगाव मागे पडलं होतं, उजव्या हाताला सातपुडा आत्ता कुठे उजळत होता आणि केळीच्या बागांमधली गार हवा थेट अंगावर येत होती. तिला वाटलं, मोठ्याने ओरडावं. ओरडलीही. समोरून येणाऱ्या दूधवाल्याची मोटारसायकल डगमगली.

मागची पिकअप तिच्या थोरल्या भावाची, हिलालची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीने माहेरी यायचं ते भाऊ मुऱ्हाळी होऊन न्यायला आल्यावरच, ही थाळनेरची रीत. आपणहून आलेल्या लेकीकडे बघून गल्लीतल्या बाया पदर तोंडाला लावतात. त्यामुळे "यंदा मी सावद्याहून सायकलवर येणार" असं तिने सांगताच हिलालने फोन आपटला होता. आणि आज पहाटे बघते तर काय, स्वारी तिच्या सासरच्या दारात हजर!

"मी लेवाले येल शे. मंग तू कशावर बी बठ," एवढंच तो म्हणाला. न्यायला भाऊ आला, म्हणजे रीत राहिली. पण अट घातली. वाटेत एकदा जरी ती गाडीत बसली, तरी पुन्हा सायकलीचं नाव काढायचं नाही.

"चालीन," रूपा म्हणाली. तिच्या नवऱ्याने, ललितने, तिची पिशवी मुकाट पिकअपमध्ये ठेवली आणि बहीणभावाच्या मधून काढता पाय घेतला.

लहानपणी घरात सायकल एकच होती आणि ती हिलालची. शाळेत, जत्रेत, तापीच्या काठावर, रूपा कायम मागे कॅरिअरवर. लग्नानंतर कॅरिअरच्या जागी पिकअपची सीट आली, एवढाच काय तो फरक. अडतिसाव्या वर्षी फैजपूरच्या मैदानावर गुडघे फोडून घेत ती सायकल शिकली, तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच होतं. एकदा तरी स्वतः पॅडल मारत थाळनेरच्या वेशीतून आत शिरायचं, सगळ्यांच्या देखत.

अडावदच्या जुन्या बारवेपाशी ती पाणी प्यायला थांबली. हिलालने केबिनचं दार उघडून धरलं.

"बठ ना व. माय वाट दखी ऱ्हायनी."

"मंग तू जाय पुढे."

"मी पुढे गऊ ते लोके काय म्हनतीन?"

रूपा हसली आणि निघालीसुद्धा. चोपड्यापर्यंत ती नुसती उडत होती. चिंचांच्या सावल्या सपासप मागे जात होत्या, शेतातली पोरं हात करत होती, एका म्हाताऱ्याने तर बैलगाडीतून टाळ्या वाजवल्या. काय मजा येत होती! इतकी वर्षं हाच रस्ता खिडकीतून पाहिला होता, पण त्याला चढ-उतार आहेत हे पायांना आज कळत होतं.

चोपड्यानंतर ऊन पेटलं. समोरून झळा यायला लागल्या आणि अनेर नदीच्या पुलावर तिच्या पोटरीत असा गोळा आला की सायकल कशीबशी कठड्याला टेकवून ती तिथेच बसली. डोळ्यांत पाणी आलं. झालं, आता संपलं सगळं.

पिकअप थांबली. हिलाल उतरला, दार उघडंच होतं. रूपाने त्या दाराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तो तापलेल्या डांबरावर बसला, तिचा पाय मांडीवर घेतला आणि पोटरी चोळू लागला. बाटली तिच्या डोक्यावर रिकामी केली.

"टाच दाब," तो म्हणाला. "आखो." तिने आणखी दाबली.

गोळा उतरला. हिलाल उठला आणि दार त्याने पायाने ढकलून लावून टाकलं.

थाळनेरच्या सुलतानांच्या मकबऱ्यांचे घुमट दिसले तेव्हा रूपाच्या पायांत कुठून बळ आलं कोण जाणे. निंबांना झोके बांधले होते, गौराईची गाणी वाऱ्यावर येत होती. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, बराच वेळ हॉर्न वाजला नाही. मागे वळली, तर रस्ता मोकळा. तिने फोन लावला.

"भाऊ, कोठे शे तू?"

"पंक्चर व्हयनं. तू जाय पुढे."

फोनमध्ये पिकअपचं इंजिन स्वच्छ ऐकू येत होतं. त्यातच एका मालट्रकचा हॉर्न जवळ आला आणि जाता जाता विरला. पंक्चर काढताना इंजिन कशाला कोण चालू ठेवेल? म्हणजे तिला एकटीला वेशीतून शिरू द्यायला तो मुद्दाम मागे थांबला होता. तिने ओढणीने तोंड पुसलं आणि वेशीतून आत शिरली.

झोके थांबले. पोरी ओरडत मागे धावल्या. बाया ओट्यांवर आल्या. दारात तिची माय, भिकुबाई, ओवाळून टाकायला भाकरीचा तुकडा घेऊन उभी होती. तिने आधी लेकीकडे पाहिलं, मग लेकीच्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे.

"तू एकटीच उनी? हिलाल कोठे शे?"

एका बाईचा पदर तोंडाकडे गेलाच. रूपाने हेल्मेट काढलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"भाऊच लेवाले उना व्हता, माय. पन थकी गया. मांगे ऱ्हायना."

गल्लीत हशा पिकला. भिकुबाईच्या हातातला तुकडासुद्धा हसण्याने हलायला लागला.

जरा वेळाने वळणावर पिकअप दिसली, चारही चाकांवर धडधाकट. हिलाल उतरला, हसणाऱ्या बायांकडे बघून गोंधळला आणि कोणी काही विचारायच्या आत पुढच्या चाकाला त्याने एक लाथ मारली.

"हवा गई व्हती," तो म्हणाला.