कारभारीचा दंड

"फुंका भाऊ, आणखी जोरात!"

कारभारीनं फुंकलं. द्वारकाबाईंच्या हातातल्या दारू मोजायच्या मशिनवर शून्य उमटलं. तिसऱ्यांदा.

"अक्का, मशिन बिघडलंय तुमचं."

"मशिनला काय धाड भरलीय? आत्ताच पुंजारामाला दीडशे दाखवलं. तो तर नुसता खोकला होता."

कारभारीच्या सदऱ्याचा दारूचा वास तीन शेतं ओलांडून चालला होता. बांधावरच्या बैलानं त्या वासानं रवंथ थांबवलं, असं लोक सांगतात. बैलाला मी विचारलेलं नाही. चितेगावच्या कंपन्या नुकत्याच सुटलेल्या, त्यामुळं त्याच्या टेम्पोमागं गाड्यांची रांग लागली होती. कारभारी या पायावरून त्या पायावर होत होता.

"माझी पावती फाडा. पैसे आणलेत मी."

दंड भरायला असा घायकुतीला आलेला माणूस द्वारकाबाईंनी पाहिला नव्हता. त्या गावच्या दक्षता समितीच्या प्रमुख. आमच्या ग्रामसभेनं ठराव केला होता: पिऊन गाडी चालवील त्याला तीन हजार दंड, आणि त्या पैशातून गावाच्या सोयी. एका दंडाला एक वस्तू, आणि वस्तूवर दंड भरणाऱ्याचं नाव. म्हणजे कशी लाज वाटेल!

लाज वाटायचीच, पण नावं रंगवायचं काम मुख्तार पेंटरकडं गेलं. पहिला सापडला तो पुंजाराम; त्याच्या दंडातून बाकडं आलं. तो मुख्तारला गाठून म्हणाला, "माझं नको, बापाचं टाक." मुख्तारनं तीस वर्षं देवळाच्या पायऱ्या, दर्ग्याची टाकी, शाळेचे पंखे रंगवलेले. त्याच्या हाताला दुसरं वळणच नव्हतं. त्यानं सवयीनं लिहून टाकलं, 'कै. बळीराम यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट.' पुंजारामाच्या आईनं त्या बाकड्याला हार घातला आणि दिवसभर त्याच्यासमोर बसून राहिली. झालं! मग जो सापडेल तो बापाचं नाव सांगू लागला. वर्षाच्या आत गावातले नऊ पिणारे नऊ सुपुत्र होऊन बसले.

कारभारीनं मात्र अकरा वर्षांत थेंब घेतला नव्हता. त्याआधी एकदा पिऊन त्यानं टेम्पो ओढ्यात घातला होता, आणि शेजारी त्याची बायको मनकर्णाबाई बसलेली होती. तिचा हात मोडला. दवाखान्यात तिनं दुसऱ्या हातानं त्याचा हात धरला आणि म्हणाली, "आता बास." एवढंच. पुढं ती नऊ वर्षं चितेगावच्या कंपनीत पॅकिंगला गेली. कंपनीच्या गाडीची वाट बघत फाट्यावर रोज उभी राहायची. पायाच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या. फाट्यावर टेकायला दगडसुद्धा नाही. दोन वर्षांपूर्वी ती गेली, आणि तेव्हापासून कारभारीच्या डोक्यात एकच: फाट्यावर तिच्या नावाचं बाकडं.

तो सरपंच तात्यासाहेबांकडं गेला.

"तात्यासाहेब, बाकड्याचे पैसे घ्या."

"नाय घेता येत. देणगीचं बाकडं बंद केलंय ठरावानं."

तेही खरं होतं. मागच्या निवडणुकीत दोन उमेदवारांनी एकाच लिंबाखाली इतकी बाकडी टाकली, की लिंबाला बाहेर काढायला जेसीबी बोलवायची वेळ आली.

"मग माझ्या बायकोचं नाव कसं लागायचं?"

तात्यासाहेब हसले. "आता बाकडं दंडातूनच. पी की एक दिवस! गावावर उपकार होतील."

ते थट्टेनं बोलले, पण कारभारीची झोप उडाली. चार दिवस त्याला कुठं बसवेना. पाचव्या दिवशी त्यानं क्वार्टर घेतली, टेम्पोत बसला, बूच काढलं, परत लावलं. तीनदा तोंडाशी नेली. शेवटी अर्धी बाटली सदऱ्यावर ओतली आणि द्वारकाबाईंच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. मशिन सदऱ्याचा वास घेत नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"खरं सांगा भाऊ," द्वारकाबाई हळूच म्हणाल्या, "हे काय चाललंय?"

त्यानं सांगितलं. मागं हॉर्न वाजत होते. द्वारकाबाईंनी मशिन खाली घेतलं. फाट्यावर मनकर्णाबाईच्या शेजारी त्या स्वतः कितीतरी वर्षं उभ्या राहिलेल्या.

"शून्याची पावती मला फाडता येत नाय हो."

"मग थांबा जरा!" कारभारीनं खिशातून उरलेली बाटली काढली. "तुमच्या म्होरंच पितो."

रांगेत शिट्टी वाजली. पुंजाराम ओरडला, "लाव तोंडाला, कारभारी! बाकडं पक्कं!"

मुख्तार सायकल टेकवून उभा होता. तो तेवढा हसला नाही. "कारभारीभाऊ, लिखनेको मैं लिखूंगा. फुकट लिहितो. पर बाजूसे जाते वक्त भाभीका नाम तुमसे पढा जायेगा क्या?"

बाटली ओठाला लागली होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मी म्हणेन, तेवढ्यात पैठणला जाऊन परत येता आलं असतं. मग त्यानं बाटली खाली घेतली आणि उलटी धरली. दारू मातीत जिरेपर्यंत तो बघत राहिला. द्वारकाबाईंनी रस्त्यात आडवी बांधलेली दोरी सोडली, तसा तो टेम्पोत बसून निघून गेला.

बाकडं झालं नाही ते नाहीच.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सात वाजता कारभारीचा टेम्पो फाट्यावर उभा असतो. मागचा फाळका तो आडवा पाडतो, त्यावर धुतलेली पोती दुहेरी करून अंथरतो. फाळक्यावर नाव नाही. मुख्तार डबा-ब्रश घेऊन आला होता, कारभारी "ऱ्हाऊ दे" म्हणाला. कंपनीची गाडी येईपर्यंत बाया तिथं बसतात, पाय लोंबते सोडून, चपला अर्ध्या निसटलेल्या. नवी आलेली एखादी आधी बिचकते.

"भाऊ, किती जणी बसल्या तर चालतंय?"

"सात. बसा की."

सातवी बसली की टेम्पो जरासा मागं सरकतो. तेवढ्यात कारभारी खाली वाकून चाकाला दगड लावतो.