पप्पांच्या टाकीतली हवा

आमच्या भुईगावच्या घराला लागूनच पप्पांचं पंक्चरचं दुकान होतं. पप्पा जाऊन सहा वर्षं झाली. दुकान मोडलं, पण त्यांचा कॉम्प्रेसर माडाखाली तसाच उभा राहिला. हवेच्या दाबाचा काटा दोन किलोवर. जायच्या आदल्या दिवशी पप्पांनी भरलेली हवा होती ती. आई त्याला हात लावू देत नसे, झाडू मारतानासुद्धा वळसा घालायची.

शेजारचे बॅप्टिस्टकाका सातिवलीच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि त्यांनी घरी पत्रा कापायचा प्लाझ्मा कटर आणला. नाक्यावरच्या क्रुसाभोवतीची लोखंडी जाळी खाऱ्या वाऱ्याने खाल्ली होती. रविवारच्या सणाआधी नवी कापून देतो, असं काका अख्ख्या गल्लीसमोर बोलून बसले. कटरला सतत हवा लागते, म्हणून कॉम्प्रेसरही घेतला. निवडला तो कानाने. समोरच्या कार्मिनमावशी दुपारी झोपतात, म्हणून सगळ्यात कमी आवाजाचा!

त्या सभ्य डब्याने दोन इंच पत्रा कापण्यापुरती हवा दिली आणि मान टाकली. मग पाच मिनिटं दम खाल्ला. मग परत दोन इंच.

"अंकल, असा नाताळ उजाडेल," त्यांचा पुतण्या फ्लॉईड म्हणाला. "मिनिटाला हवा किती देतो, ते बघायचं. आवाज काय बघता?"

शुक्रवारी दोघं आमच्या अंगणात.

"सुमनवैनी, विद्याधरचा कॉम्प्रेसर द्या."

"न्या की भावजी. पण ह्यांची हवा सोडायची नाही."

"वैनी, टाकीत साठलेलं पाणी काढल्याशिवाय चालू कसा करू? ते काढताना हवा जाणारच."

"मग हवा दुसऱ्या कशात तरी भरून द्या."

काका हसले नाहीत. गेले आणि सायकलची नवीकोरी ट्यूब घेऊन आले. मी पाइप जोडला. आई ट्यूब दोन्ही हातांत धरून बसली, बारशाला बाळ धरावं तशी. व्हॉल्व्ह उघडला.

फुस्ससुद्धा नाही.

फ्लॉईडने खालचा नळ सोडला. बादलीभर गंजकं पाणी काकांच्या नव्या सँडलवर आलं. टाकी रिकामी, तरी काटा दोनवरच!

"अडकलेला आहे," फ्लॉईड म्हणाला. "किती वर्षांपासून, देव जाणे."

मला वाटलं, आई आता रडणार. ती काट्याकडे बघत राहिली. "म्हणून हे प्रत्येक टायर अंगठ्याने दाबून बघायचे! आणि मी समजत होते, स्टाईल मारतात."

आणि अशी हसली, की काका सँडल विसरले.

टाकी गंजून बाद झाली होती. वरचा पंप मात्र ठणठणीत. फ्लॉईडने तो नव्या टाकीवर बसवला, हवेतलं पाणी अडवायला फिल्टर लावला. शनिवारी भरदुपारी पट्टा फिरला आणि सहा वर्षांनी गल्लीत तोच ढकढक आवाज सुरू झाला. काकांनी जाळी एका दमात कापली.

झोपमोड झालेल्या कार्मिनमावशी भांडायला येतील म्हणून काका दारामागे लपले. मावशी आल्या, पण सायकल ढकलत.

"आवाज आला. मागच्या चाकात हवा मार गो."

मी हवा मारली. नव्या टाकीच्या काट्याकडे बघणार, एवढ्यात आई खाली वाकली आणि अंगठ्याने टायर दाबला.

"अजून थोडी," म्हणाली.