खोकडाचे डोळे

“तुम्ही त्याचे डोळे काढलेत,” म्हातारा काचेच्या कपाटावर बोट टेकवून म्हणाला, “आणि वर चूक माझ्या माथी मारलीत.”

संग्रहालयाच्या अधिकारी बाईंनी हातातली फाईल छातीशी धरली. म्हाताऱ्याने इथेच तीस वर्षं मेलेल्या जनावरांत पेंढा भरला होता. निवृत्तीनंतर आज पहिल्यांदा तो लेकीला आपलं काम दाखवायला घेऊन आला, तर कपाटाखाली नवी पाटी: ‘कोल्हा. मूळ कारागिराने चुकीचे बसवलेले डोळे बदलले आहेत.’ वाघापासून वटवाघळापर्यंत दुसऱ्या एकाही पाटीवर कारागिराचं नाव नाही की गाव नाही. तीस वर्षांत एकदाच त्याची आठवण निघाली, तीही बोल लावायला.

“बाबा, जरा हळू,” लेक म्हणाली.

“हळूच बोलतोय. बाई, हा कोल्हा नाही, खोकड आहे. कोल्ह्याची बाहुली गोल असते. खोकडाची मांजरासारखी उभी. मी उभीच बसवली होती.”

“काका, खोकड म्हटलं की लोकांना कळत नाही, म्हणून पाटीवर कोल्हा केला. मग तपासणीवाले आले. म्हणाले, कोल्ह्याला असले डोळे कसे?”

“म्हणून डोळे बदललेत? पाटी नाही?”

“पाटी वरून मंजूर होऊन येते.”

“उद्या वरून ‘ससा’ आलं, तर कान ओढून लांब कराल.”

लेकीने तोंडावर रुमाल धरला. बाई हसल्या नाहीत.

“अर्ज लिहून द्या, काका. मी पुढे पाठवते.”

“अर्ज राहू द्या. माझे डोळे कुठल्या कचऱ्यात टाकलेत, तेवढं सांगा.”

बाईंनी फाईल काखेत मारली. मग “या,” म्हणून आपल्या खोलीकडे वळल्या. टेबलाच्या खालच्या खणाला कुलूप होतं. किल्ली त्यांच्या पर्समधून निघाली. खणातून औषधाची एक रिकामी डबी त्यांनी काढली आणि म्हाताऱ्यापुढे ठेवली.

त्याने झाकण उघडलं. कापसात दोन काचेचे डोळे, एकावरही ओरखडा नाही. सोबत चिठ्ठी. बाईंच्या फाईलवर होतं त्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलेली: ‘खोकड. डावा, उजवा.’

म्हाताऱ्याने ती दोनदा वाचली. लेकीने खांद्यावर ठेवलेला हात त्याने बाजूला केला आणि खुर्ची ओढून घेतली.

“कुलपात खोकड लिहिता आलं तुम्हाला,” तो बसत म्हणाला. “मग बाहेर का नाही? सांगा. मला घाई नाही.”