आधी मॅगझिन, मग स्लाइड

व्हर्लिन स्टॅम्पर बंदुकांच्या दुकानात शिरला तेव्हा त्याची बायको ओलेटा नेहमीसारखी त्याच्या डाव्या हाताला होती. तीस वर्षांत ती त्याच्या उजवीकडून चाललीच नव्हती. उजव्या कमरेला, शर्टाखाली, पिस्तूल असायचं आणि तो हात मोकळा राहिला पाहिजे, असा व्हर्लिनचा दंडक होता. मग चर्च असो की नातीचं लग्न. त्याच्या भावाला, डेल्मरला, पेट्रोल पंपावर लुटारूंनी मारलं तेव्हा व्हर्लिन चार पावलांवर उभा होता आणि त्याचे दोन्ही हात रिकामे होते. ते त्याने स्वतःला कधी माफ केलं नाही. ओलेटावर तशी वेळ येऊ द्यायची नाही, एवढ्यासाठीच तो रोज सकाळी पट्टा आवळायचा.

आता त्याला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. बोटांचे सांधे सुजायचे. जुनं पिस्तूल जड होतं, आणि वाकलं की शर्टाखालून त्याचा उंचवटा दिसायचा. म्हणून लहानसं, पण भरवशाचं काहीतरी घ्यायला तो आला होता.

"या मास्तर!" काउंटरमागून ड्रीमा रॅटलिफ म्हणाली. "ओलेटाकाकू, इकडे बसा, स्टुलावर."

ड्रीमा त्याची विद्यार्थिनी. केंटकीतल्या त्या डोंगराळ भागात पिस्तुलाच्या निम्म्या परवानेवाल्यांना व्हर्लिननेच शिकवलेलं. मास्तर म्हणून तो खाष्ट होता. चुकलेल्याला सगळ्या वर्गासमोर उभा करायचा. 'आधी मॅगझिन, मग स्लाइड' हे त्याने मोठमोठ्या बाप्यांकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं. गोळ्यांची मॅगझिन आधी बाहेर काढायची, मगच वरची स्लाइड मागे खेचून नळीतली गोळी पाडायची. उलटं केलं तर पडलेल्या गोळीच्या जागी दुसरी चढून बसते, आणि माणूस समजतो, रिकामं झालं.

"ते तळहातात मावणारं दाखव," तो म्हणाला.

ड्रीमाने पिस्तूल उघडून, आत रिकामं आहे हे त्याला दाखवून, मग हातात दिलं. व्हर्लिनने स्लाइड खेचून पाहिली. ती हलेना. त्याचे कान लाल झाले.

"मूर्ती लहान पण कीर्ती महान," ड्रीमा हसून म्हणाली. "जितकं छोटं, तितकी स्प्रिंग ताठ आणि झटका जास्त. तुम्हीच सांगायचात की."

"मी सांगायचो तेव्हा माझे हात हातासारखे होते."

"घरी बरणीचं झाकणसुद्धा मीच उघडते," ओलेटा पर्समध्ये पेपरमिंटची गोळी शोधत म्हणाली. "पण म्हणे माझं रक्षण करणार."

"तू गप गं."

दुसरं पिस्तूल हाताला बसेना. तिसरं थोडं मोठं होतं, पण त्याची स्लाइड लोण्यासारखी मागे आली. व्हर्लिनचा चेहरा खुलला. त्याने ते दोनदा, तीनदा खेचलं.

"भरवशाचं आहे ना?"

"दोनशे गोळ्या न अडकता सुटेपर्यंत कुठल्याच पिस्तुलावर भरवसा ठेवायचा नाही, हे मला कोणी शिकवलं?" ड्रीमा म्हणाली. "पण हे चांगलं आहे, मास्तर. घ्या."

"मग हे जुनं तू ठेवून घे."

त्याने शर्ट वर करून कमरेचं पिस्तूल काढलं. बोटं दुखत असताना ड्रीमासमोर अडखळायचं नव्हतं, म्हणून तो झटक्यात करायला गेला. स्लाइड खेचली, एक गोळी काउंटरच्या काचेवर टणकन पडली. मग मॅगझिन काढली. "रिकामं," असं म्हणून त्याने पिस्तूल खाली ठेवलं. नळीचं तोंड स्टुलाकडे होतं. ओलेटाला तेवढ्यात पेपरमिंट सापडली.

ड्रीमाचं हसू गेलं. आवाज मात्र तिने चढवला नाही.

"काकू, जरा खिडकीपाशी जाऊन बघता का, माझा कुत्रा गाडीत आहे ना?"

ओलेटा उठून गेली. ड्रीमाने पिस्तूल उचललं, तोंड काउंटरमागे त्याचसाठी ठेवलेल्या वाळूच्या बादलीकडे केलं आणि स्लाइड खेचली. दुसरी गोळी पहिलीच्या शेजारी येऊन पडली.

व्हर्लिन त्या गोळीकडे बघत राहिला. या जातीचं पिस्तूल साफसफाईला खोलायचं तर आधी घोडा दाबावा लागतो. दर रविवारी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते खोलायचा, आणि समोर ओलेटा शेंगा सोलत बसलेली असायची. त्याने काउंटर धरला.

"मास्तर, होतं असं कधी कधी," ड्रीमा हळूच म्हणाली.

"माझ्या वर्गात कोणी असं केलं असतं तर मी काय केलं असतं?"

ड्रीमाने पिस्तूल उघडंच काउंटरवर ठेवलं.

"परवाना मिळू दिला नसता," तोच म्हणाला.

त्याने नवीन पिस्तूल तिच्याकडे सरकवलं. मग जुनंही. पट्टा सैल करून चामड्याचं म्यान काढायला त्याला फार वेळ लागला. ड्रीमा मदतीला पुढे आली नाही, याचं त्याला बरं वाटलं.

"कुत्रा झोपलाय," ओलेटा परत येत म्हणाली. "झालं का पसंत?"

"पिस्तूल चांगलं होतं," व्हर्लिन म्हणाला. "ओलेटा, मी आत्ता भरलेलं पिस्तूल तुझ्याकडे रोखून ठेवलं होतं. रिकामं समजून. मला कळलंसुद्धा नाही."

ओलेटाने काचेवरच्या दोन गोळ्या पाहिल्या, मग म्यान पाहिलं, मग त्याचा चेहरा. पेपरमिंट तिने गालात एका बाजूला सरकवली.

"आता तुझ्यावर कोणी चालून आलं, तर माझे हात रिकामेच," तो म्हणाला.

"चल घरी," ती म्हणाली.

दारात ती थांबली, त्याच्या मागून वळसा घालून उजवीकडे आली आणि त्याचा रिकामा हात तिने आपल्या हातात घेतला.